शोकाचे प्रकार आणि प्रत्येकात होणाऱ्या चुका

रानजाई (धागाकर्ती)

मयताच्या घरी दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिल्या दिवशी: "रडली नाही अजून, कोणीतरी रडवा तिला." आणि सहा महिन्यांनी: "अजून त्यातच आहे, आता सावरायला हवं." दोन्हींमागची समजूत एकच, की शोकाची एक ठरलेली वाट आहे आणि हा माणूस ती सोडून चाललाय.

या समजुतीला 'पाच टप्प्यां'नी बळ दिलं. नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते शिकागोच्या रुग्णालयातल्या, स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले. आज व्हॉट्सअॅपवर फिरणारा तक्ता पाहून "माझा राग आलाच नाही, काही चुकतंय का?" असं विचारणारे लोक समुपदेशकांकडे येतात.

या धाग्यात एवढंच करू: शोकाचा प्रकार कुठला, त्यात घरचे आणि भेटायला येणारे नेमकं काय चुकतात, आणि हाताशी काय करता येतं. घरच्या आठवणींसाठी वेगळा धागा आहे, त्या तिथे लिहाव्यात. इथे माहिती.

मंद्र

चांगला विषय. मनोविकार विभागातल्या गोष्टी मी टाकतो.

आधी न रडण्याबद्दल. जॉर्ज बोनानो आणि सहकाऱ्यांनी जोडीदार गमावलेल्या अमेरिकी वृद्धांचा अभ्यास केला, तोही मृत्यूच्या आधीपासून माहिती घेऊन. २००२ मध्ये निष्कर्ष आले. निम्म्याच्या जवळपास लोक सुरुवातीपासून बऱ्यापैकी सावरलेले होते आणि दीड वर्षानंतरही तसेच होते. 'दाबलेला शोक नंतर उफाळतो' असं त्यांच्यात दिसलं नाही. तेव्हा मुद्दाम रडवू नका. प्रेत पुन्हा दाखवणं, "बघ, गेले ते" म्हणून हलवणं, यानं फायदा काही नाही.

शरीराचं मात्र गांभीर्याने घ्या. बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी आग लागून ४९२ माणसं गेली. तिथल्या आप्तांना तपासून एरिक लिंडेमन यांनी १९४४ मध्ये जे वर्णन लिहिलं ते आजही लागू पडतं: २० मिनिटं ते तासभर टिकणाऱ्या लाटा, घसा आवळणं, उसासे, पोटात पोकळी, हातापायांत त्राण नसणं. लाट ओसरते, मधल्या वेळात माणूस अगदी नेहमीसारखा बोलतो, पुन्हा लाट येते. भेटायला आलेल्यांना तो मधला वेळ 'नाटक' किंवा 'कोरडेपणा' वाटतो.

छातीत दुखलं तर "दुःखाने होतंय" म्हणून लिंबूपाणी देऊन बसवू नका. जवळच्याच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या २४ तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २१ पट असल्याचं २०१२ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. पुढचे दिवस तो उतरत जातो. शिवाय ताकोत्सुबो नावाचा प्रकार आहे, जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास वर्णिलेला: धक्क्याने हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचं (जवनिकेचं) टोक फुग्यासारखं फुगतं. पाळी गेलेल्या बायकांमध्ये जास्त. ईसीजी झटक्यासारखाच दिसू शकतो, घरी बसून फरक कळत नाही. रुग्णालयात जाणं हाच उपाय.

आणि एक साधी गोष्ट: बीपी, साखर, थायरॉईड, रक्त पातळ करणारी औषधं. त्या तेरा दिवसांत निम्म्या घरांत चुकतात, कारण डबा कुठे ठेवलाय ते गेलेल्या माणसालाच ठाऊक होतं. एका नातेवाइकाला फक्त हेच काम द्या.

आजोळ

@मंद्र, झोपेच्या गोळीचं काय? आमच्याकडे मयताच्या घरी फॅमिली डॉक्टर येऊन गोळी देऊनच जातात.

मंद्र

बहुतेक वेळा अल्प्राझोलम किंवा क्लोनाझेपाम असते. दोन-तीन रात्री, डॉक्टरांनी सांगितल्यास, ठीक. गडबड होते ती 'संपली की आणून ठेव' म्हणत मेडिकलमधून चालू राहते तेव्हा. तीन-चार आठवड्यांनंतर अचानक बंद केली की झोप पूर्ण उडते, धडधड होते, आणि घरचे म्हणतात "शोक पुन्हा उसळला". तो शोक नसतो, गोळी सुटल्याचा त्रास असतो. रोज चालू राहिली असेल तर डॉक्टरांकडून टप्प्याटप्प्याने कमी करून घ्या. सत्तरीपुढच्या माणसाला ही गोळी म्हणजे रात्री बाथरूमला जाताना पडून खुब्याचं हाड मोडण्याची सोय.

नैराश्याच्या गोळ्यांनी शोक कमी होत नाही. २०१६ मध्ये कॅथरीन शियर यांच्या गटाने ३९५ लोकांवर चाचणी केली होती. शोकासाठीची १६ सत्रांची उपचारपद्धती ज्यांना मिळाली त्यांचा शोक हलका झाला. सिटालोप्रॅम या नैराश्याच्या गोळीने त्यात भर घातली नाही, पण सत्रांसोबत दिल्यावर नैराश्याची लक्षणं जास्त उतरली. म्हणजे नैराश्य वेगळं असेल तर त्याला औषध द्यावं, शोकाला नाही.

तळटीप

एक शंका. आता शोकालाही आजार ठरवलंय ना? मग रानजाईंच्या पहिल्या परिच्छेदाचं काय?

मंद्र

ठरवलंय, पण अटींसह. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत किमान सहा महिने, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या डीएसएम या पुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत मोठ्यांसाठी बारा महिने आणि मुलांसाठी सहा. गेलेल्या माणसाची तीव्र ओढ किंवा सतत त्याचाच विचार हवा. शिवाय डीएसएमप्रमाणे आठपैकी किमान तीन: स्वतःचाच एक भाग मेल्यासारखं वाटणं, मृत्यूवर विश्वास न बसणं, आठवण देणाऱ्या गोष्टी टाळणं, तीव्र वेदना, लोकांत परत मिसळता न येणं, बधिरपणा, जगणं निरर्थक वाटणं, कमालीचा एकटेपणा. हे शेवटचा महिनाभर जवळजवळ रोज, आणि त्या समाजाच्या रीतीच्या मानाने जास्त. बारा महिन्यांनी फोटो पाहून डोळे भरले म्हणजे आजार नव्हे. दर दहांत साधारण एकाला हा त्रास होतो असं अनेक अभ्यास एकत्र करून आलेलं उत्तर आहे. आत्महत्या, अपघात आणि मुलाचा मृत्यू यांत प्रमाण वाढतं.

गेलेल्याचा आवाज ऐकू येणं, तो खोलीत असल्याची जाणीव, हे आजाराचं लक्षण धरू नका. वेल्समध्ये डेवी रीस यांनी २९३ विधवा-विधुरांना विचारलं होतं, १९७१ चा अभ्यास. जवळपास निम्म्यांना असे अनुभव होते आणि बहुतेकांनी ते कधी कोणाला सांगितले नव्हते.

रानजाई

इथे आपल्या रिवाजांबद्दल थोडं. स्ट्रोब आणि शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं प्रारूप मला टप्प्यांपेक्षा कितीतरी उपयोगी वाटतं. माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो, कधी गमावल्याच्या बाजूला, कधी पुढच्या कामांच्या. सकाळी बँकेत केवायसीसाठी भांडणं आणि दुपारी चष्म्याची डबी हातात घेऊन रडणं, दोन्ही एकाच शोकाचे भाग. एकाच बाजूला अडकला तर काळजी करा.

आपले तेरा दिवस ही ये-जा आपोआप घडवतात. दहाव्याला पिंड, कावळा शिवेपर्यंतची वाट, तेराव्याला गोड जेवण, मध्ये भटजींची यादी, मंडपवाला, पानं किती. अडचण चौदाव्या दिवशी सुरू होते. घर एकदम रिकामं होतं, पाहुणे बरोबर दुधाची पिशवी आणायची सवयही घेऊन जातात. भेटायला जायचं तर तिसऱ्या आठवड्यानंतर जा आणि "काही लागलं तर सांगा" म्हणू नका, कोणी सांगत नाही. "गुरुवारी गॅसचं नाव बदलायला मी येतो, आधार कार्ड काढून ठेवा" असं म्हणा.

आणि रिवाज नेहमी मदतच करतो असं नाही. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं हे शोकाच्या पहिल्या तासात त्या बाईला सगळ्यांदेखत सोसावं लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये याविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. घरात हे टाळायचं असेल तर प्रेत उचलण्याआधी, वडीलधाऱ्यांपैकी एकीने "आमच्याकडे होणार नाही" असं स्पष्ट सांगायचं. नंतर वाद घालायला कोणाच्यात बळ नसतं.

कागदोपत्री

बेपत्ता माणसाच्या घराबद्दल लिहितो, कारण यात कायदा, धर्म आणि मन तिन्ही तीन दिशांना ओढतात. पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांवर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की इथे शोक सुरूच करता येत नाही, कारण सुरू करणं म्हणजे त्याला मारणं. प्रेत नाही, म्हणून दहावा नाही. बायकोने कुंकू लावायचं की नाही हेसुद्धा इतर लोक ठरवतात.

कायदा सात वर्षं सांगतो. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १११. पद्धत अशी:

१. पोलीस ठाण्यात मिसिंग लगेच दाखल करा. '२४ तास थांबा' असा नियम नाही. नोंदीची प्रत जपा, पुढे प्रत्येक ठिकाणी ती लागते.
२. वर्तमानपत्रातली जाहिरात, पोलिसांना दिलेली स्मरणपत्रं, शोध लागला नाही असा पोलिसांचा अहवाल, सगळं एका फायलीत.
३. सात वर्षांनी दिवाणी न्यायालयात, तो मृत असल्याच्या घोषणेचा दावा. तो हुकूम घेऊन मृत्यूची नोंद.

लोक कुठे अडकतात? विम्यात. सात वर्षांनी 'मृत आहे' एवढंच गृहीत धरलं जातं, 'बेपत्ता झाला त्याच दिवशी मेला' असं नाही. आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या २००४ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. हप्ते थांबवले की पॉलिसी बंद पडते आणि सात वर्षांनी हाती काही येत नाही. हप्ते भरत राहा. मनाला ते विचित्र वाटतं, एका हाताने वाट पाहायची आणि दुसऱ्याने हप्ता भरायचा. पण भरा.

बँकेतली छोटी रक्कम सात वर्षं अडवून ठेवायची गरज नसते. ठरावीक मर्यादेखाली मिसिंगची नोंद, पोलिसांचा अहवाल आणि हमीपत्र यांवर ती देता येते. मर्यादा प्रत्येक बँकेची वेगळी, शाखेत लेखी विचारा. केंद्र सरकारी कर्मचारी असेल तर पोलिसांत नोंद झाल्यापासून सहा महिन्यांनी कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होऊ शकतं.

आपत्तीत मात्र सरकार वेगळा मार्ग काढतं. इर्शाळवाडीला १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण सापडले नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबवला. अशा वेळी चौकशी करून बेपत्तांना मृत धरलं जातं, सात वर्षं लागत नाहीत. २०१३ च्या केदारनाथ प्रलयानंतरही तेच झालं होतं. अर्ज तलाठी-तहसीलदारांमार्फत जातो, आणि त्या ठिकाणी माणूस हजर होता याचा पुरावा सगळ्यात महत्त्वाचा: तिकीट, मोबाइलचं लोकेशन, सोबत्याचा जबाब.

हेमाडपंती

धर्मशास्त्राची बाजू. प्रेत नसताना पालाशविधी आहे. पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. बेपत्ता माणसासाठी साधारणपणे बारा वर्षं थांबायला सांगितलं जातं. कायद्याची सात, धर्माची बारा, म्हणून कित्येक घरांत न्यायालयाचा हुकूम येऊनही आई पाच वर्षं पिंड ठेवू देत नाही. जबरदस्ती करू नये. पुतळा न करताही सर्वपित्रीला पान वाढणं काही घरं मान्य करतात, काही नाही. ज्याचं त्याने ठरवावं.

अवांतर: माणसाशिवायच्या गोष्टींचाही शोक असतो. उजनी धरणाचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि विस्थापित गावांतले म्हातारे ते बघायला जातात. त्यांना "घर मिळालं ना दुसरं" म्हणण्यात अर्थ नाही.

चिंचपेटी

प्रसूती विभागातली माहिती. पोटातलं किंवा जन्मतःच बाळ जाणं हा सगळ्यात कमी मानला गेलेला शोक. "लहान आहेस, दुसरं होईल" हे वाक्य कोणीही, कधीही बोलू नये. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा, समाज ज्याला शोकच मानत नाही त्या शोकाबद्दल लिहिलं. घटस्फोटित जोडीदाराचा मृत्यू, लपवलेलं नातं, समलिंगी जोडीदार, पाळलेला कुत्रा, सगळे त्यात येतात.

क्रमाने:

दूध. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर गर्भ गेला तरी दोन ते चार दिवसांत दूध उतरतं. हे आधी कोणी सांगत नाही आणि घरी गेल्यावर बाई हादरते. नीट आधार देणारी ब्रा, थंड पट्ट्या, ठणका असेल तर अगदी थोडं, फक्त ताण जाण्यापुरतं पिळून काढणं. पूर्ण रिकामं केलं की अजून दूध तयार होतं. पदराने घट्ट बांधू नका, गाठी होऊन ताप येतो. पहिल्याच दिवशी दूध थांबवणाऱ्या कॅबरगोलिनची १ मि.ग्रॅ.ची एकच मात्रा देता येते, पण बाळंतपणात रक्तदाब वाढलेला असेल तर ती चालत नाही, म्हणून डॉक्टरांनाच विचारा.

रक्तगट. आई आरएच निगेटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन ७२ तासांत. रडारडीत हे खरंच राहून जातं आणि पुढच्या गर्भाला त्रास होतो.

खाट. नवजात बाळं रडतात त्या वॉर्डातून हलवायला सांगा. मोठ्या सरकारी रुग्णालयातही स्त्रीरोग वॉर्डात जागा मिळू शकते, मागावी लागते.

बघणं. आईला बाळ दाखवायचं की नाही हे सासूने ठरवू नये. आईला विचारा, नाही म्हणाली तर तासाभराने पुन्हा विचारा. पायाचा ठसा, मनगटाची पट्टी काढून ठेवा. हवं तर सहा महिन्यांनी मागेल. बाळाला घेऊन जाताना बाप एकटाच जातो आणि आल्यावर त्याला कोणी काही विचारत नाही. त्यालाही विचारा.

नोंद. २८ आठवड्यांनंतर बाळ मृत जन्मलं तर त्याची नोंद नमुना ३ मध्ये होते.

आजोळ

रजेचं काय? खूप जणींना चार दिवसांत कामावर बोलावतात.

कागदोपत्री

गर्भपात झाल्यास लगेचचे सहा आठवडे पगारी रजा. पूर्वी हे १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याच्या कलम ९ मध्ये होतं. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली, तिच्यात ही तरतूद कलम ६५ मध्ये आहे. त्यातून आजारपण आलं तर आणखी एक महिना. डॉक्टरांचा दाखला जोडा. 'गर्भपात' म्हणजे २६ व्या आठवड्यापर्यंत. त्यापुढे बाळ मृत जन्मलं तरी कायद्याने ती प्रसूतीच, कारण 'मूल' या व्याख्येत मृत जन्मलेलं मूल येतं. म्हणजे पूर्ण प्रसूती रजा लागू होते. मनुष्यबळ विभागातल्या लोकांना हे बऱ्याचदा माहीत नसतं, अर्जात कलम लिहा.

रानजाई

मुलांबद्दल. 'झोपले', 'गावाला गेले', 'देवाघरी गेले' हे शब्द पाच-सहा वर्षांखालच्या मुलाला अक्षरशः कळतात. मग ते झोपायला घाबरतं, किंवा देवळात आजोबांना शोधतं. सोपं सांगा: "आजोबा वारले. त्यांचं शरीर बंद पडलं. त्यांना आता दुखत नाही, भूक लागत नाही, ते परत येणार नाहीत." मूल दहा मिनिटं ऐकेल आणि खेळायला पळेल. ठीक आहे. तोच प्रश्न तीस वेळा विचारेल, तेच उत्तर तीस वेळा द्या, शब्द न बदलता. न विचारलेले प्रश्न तीन असतात: माझ्यामुळे झालं का, मलाही होईल का, आता माझं कोण करणार. तिसऱ्याचं उत्तर नावानिशी द्या, शाळेतून कोण आणणार इथपर्यंत. वर्गशिक्षिकेला सांगा.

स्मृतिभ्रंशाच्या घरात उलटं असतं. माणूस समोर आहे आणि शोक आधीच चार-पाच वर्षं चाललाय. मृत्यूनंतर पहिली येते ती सुटका, आणि लगेच तिची लाज. बाहेरच्यांनी "सुटले बिचारे" म्हटलं की सेवा करणाऱ्या सुनेला तो टोमणा वाटतो. तिला तिच्या कामाबद्दल विचारा: रात्री किती वाजता उठायची, भरवायला किती वेळ लागायचा. अशा घरात रिकामा झालेला दिवस हीच मोठी अडचण असते. पलंग, व्हीलचेअर, डायपरचे खोके पहिल्याच आठवड्यात हलवायची घाई करू नका.

तळटीप

आत्महत्येचं कोणीच लिहिलं नाही.

मंद्र

लिहितो. इथे शोकाआधी चौकशी येते. अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा, शवविच्छेदन, सगळं पहिल्या दिवशीच, आणि व्हिसेराचा (तपासणीला पाठवलेल्या अवयवांच्या नमुन्यांचा) अहवाल यायला महिने लागतात. पोलीस जबाब घेतात तेव्हा घरच्यांना आरोपी असल्यासारखं वाटतं. जवळच्या दोघांपैकी एकाने फक्त पोलीस आणि रुग्णालय सांभाळायचं, दुसऱ्याने घर. शेतकरी कुटुंबात तर सरकारी मदतीला 'पात्र की अपात्र' हा निकाल लागतो: कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचं होतं का, थकलं होतं का, जमीन कोणाच्या नावावर. पात्र ठरल्यास एक लाख, ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. अपात्र ठरलेल्या घरात 'त्याचं दुःख खरं नव्हतं' असा शिक्का बसतो. सावकाराचं कर्ज कागदावर नसतं, हे त्यामागचं नेहमीचं कारण.

'का केलं' हा प्रश्न वर्षानुवर्षं चालतो. त्याला उत्तर देऊ नका, विशेषतः "तुम्ही लक्ष दिलं असतं तर" हे तर मुळीच नाही. मुलांना हृदयविकार सांगून लपवू नका, शाळेत दुसरं मूल सांगतंच. "बाबांच्या मनाला आजार झाला होता, त्यात त्यांनी स्वतःचा जीव घेतला, त्यात तुझी काही चूक नाही" एवढं पुरे. पद्धतीचा तपशील नको. घरातल्या कीटकनाशकाच्या बाटल्या त्याच दिवशी दुसरीकडे हलवा, कारण आप्तांचाही धोका वाढलेला असतो. कोणी "मलाही जायचंय" म्हणालं तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

आजोळ

शेवटचं. परदेशातून पोचता न आलेल्यांसाठी काही?

हेमाडपंती

व्हिडिओवर अंत्यविधी दाखवताना फोन एका माणसाच्या हातात द्या, ज्याला दुसरं काम नाही. चार्जर, पॉवर बँक, स्मशानात रेंज आहे का ते आधी बघा. अग्नी देताना कॉल तुटला की समोरचा पुन्हा पुन्हा तेच विचारत राहतो. अस्थींचा थोडा भाग ठेवता येतो. मुलगा महिन्याने आला तरी विसर्जन त्याच्या हातून करता येतं.

कागदोपत्री

आणि तिकीट काढताना घाई असेल तर मृत्यूच्या दाखल्याची वाट बघू नका. रुग्णालयाचं मृत्यूचं प्रमाणपत्र किंवा स्मशानाची पावती स्कॅन करून पाठवा, परदेशातल्या कचेरीत रजेसाठी बहुतेक वेळा तेवढं चालतं. दाखला मिळाला की आठ-दहा प्रती एकदम काढा. नोंद २१ दिवसांत, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. नाव आधार कार्डावरच्या अक्षरांप्रमाणेच लिहून घ्या.